कव्हरच्या मागचे भागवत

श्रोते हो, नमस्कार.

कॉलेजात असताना एका मित्राने मला बीटल्स या इंग्लिश बँडचा 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम कॅसेटवर भरून दिला. माझ्या वॉकमनच्या हेडफोनची उजवी बाजू मेलेली होती. 'एलेनॉर रिग्बी' लागलं की व्हायोलिनं नुसती सपासप वाजायची आणि गाणारा गायब! ध्रुवपदाला उगवायचा आणि पुन्हा गडप व्हायचा. 'बिघडलेली कॅसेट गळ्यात मारलीस' म्हणून मी मित्राशी भांडलो. कॅसेट धडधाकट होती. त्या गाण्याचा स्टिरिओच तसा होता, कडव्यांतला आवाज सगळा उजव्या कानात.

'रिव्हॉल्व्हर' निघाला १९६६ साली. इंग्लंडात तेव्हा बहुतेक घरांत मोनो, म्हणजे सगळा आवाज एकत्र येणाऱ्या रेकॉर्डच वाजायच्या, त्यामुळे बीटल्स आणि त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी जीव ओतला तो मोनोत. स्टिरिओ आपला उरकून टाकला. त्यात टेपवर ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे भरायच्या पट्ट्या, चारच. 'टॅक्समन'मध्ये ड्रम, बास आणि गिटार तिन्ही एकाच ट्रॅकवर आहेत. एकदा खिचडी शिजली की डाळ-तांदूळ वेगळे करायचे कसे? पन्नासहून जास्त वर्षं ते जमलं नव्हतं.

जमलं ते २०२२मध्ये. पीटर जॅक्सन यांनी बीटल्सवरचा 'गेट बॅक' हा माहितीपट करताना, त्यांच्या माणसांनी संगणकाला ड्रम कसा वाजतो, गिटार कशी वाजते, हे ओळखायला शिकवलं. ते तंत्र घेऊन जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स यांनी 'रिव्हॉल्व्हर' नव्याने मिक्स केला. वडिलांनी शिजवलेली खिचडी मुलाने निवडली म्हणा ना! आता बास छातीत वाजतो आणि ड्रम जिथे हवेत तिथे आहेत. पण 'टुमॉरो नेव्हर नोज'साठी मी अजून जुन्या मोनोकडेच जातो. खाली तंबोऱ्याचा धरलेला सूर, वर गोल फिरणाऱ्या स्पीकरमधून येणारा बीटल्सपैकी जॉन लेननचा आवाज, आणि भोवती टेपच्या तुकड्यांचा कल्लोळ. ती गर्दी गर्दीच राहू दे, तिला रांगेत कशाला उभं करायचं?

२०२२मध्ये या नव्या मिक्ससोबत जो संच निघाला, त्यात गाणी घडतानाच्या टेपही आहेत. 'यलो सबमरीन' हे बालवाडीत शोभणारं गाणं, नाही का? लेननने गिटारवर त्याचा आधी केलेला कच्चा खर्डा ऐका. मी जन्मलो तिथे माझी कुणालाच पर्वा नव्हती, असं काहीसं तो स्वतःशीच गुणगुणतो आहे. मी तो ऐकून अर्धा तास दुसरं काही लावलंच नाही.

पण मला आज सांगायचं आहे ते निराळंच. रेकॉर्डचं कव्हर उलटा. बीटल्सच्या कव्हरवर बाहेरच्या वादकाचं नाव सहसा नसे. 'एलेनॉर रिग्बी'त आठ जण वाजवतात, एकाचंही नाव नाही. आणि इथे मात्र छापलंय, 'अनिल भागवत, तबला'. भागवत! मराठी माणसाचे कान टवकारणारच.

हे भागवत 'लव्ह यू टू' या गाण्यात वाजवतात. मार्क लुइसन यांचं १९८८चं पुस्तक आहे, बीटल्सच्या ध्वनिमुद्रणाची रोजनिशीच म्हणा. त्यात भागवतांनी सांगितलेली आठवण आली आहे. लंडनमध्ये त्यांना अंगडी नावाच्या गृहस्थांचा फोन आला, संध्याकाळी मोकळा आहेस का? कुणासाठी वाजवायचंय, हे कळलं ते दाराशी रोल्स-रॉइस येऊन थांबली तेव्हा. स्टुडिओबाहेर मुलींचा हा घोळका, थर्मास आणि सँडविचं घेऊन बसलेल्या. आत बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन. दोघांनी मिळून तबला सुरात लावला. रविशंकरांच्या धाटणीचं, सोळा मात्रांचं काहीतरी वाजव, बाकी तुझ्या मनाने, एवढंच ठरलं. हे एप्रिलमधलं. खुद्द रविशंकरांची आणि हॅरिसनची गाठ पडली त्यानंतर, जूनमध्ये.

नव्या संचात याच गाण्याचा पहिला टेक आहे, हॅरिसन आणि साधी गिटार. चाल तीच, पण गाणं अजून जमिनीवर बसलेलं. मग मूळ गाणं लावा. सतार संथ सूर छेडत येते, आणि तबला पडला की ते उठून चालायलाच लागतं.

तर ऐकू या 'लव्ह यू टू'. हेडफोन लावणार असाल, तर दोन्ही बाजू चालू आहेत ना, तेवढं आधी बघून घ्या.