नोकरी बदलताना गाडी ठोकली तर

श्रोतेहो, नमस्कार. नोकरी सोडताना पीएफ, ग्रॅच्युइटी, अनुभवाचं पत्र यांची आठवण प्रत्येकाला राहते. गाडीच्या कागदपत्रांकडे मात्र कुणी बघत नाही, आणि ते ध्यानात येतं गाडी ठोकल्यावर. आज बोलायचं आहे ते अशाच किरकोळ अपघाताबद्दल. कुणाला लागलेलं नाही, बंपर फुटलाय, आणि पुढचा पगार कधी सुरू होईल हे अजून ठरायचंय.

आधी जागेवर काय करायचं ते सांगतो. हॅझर्ड लाइट लावा. गाडी हलवण्याआधी लांबून तीन-चार फोटो काढा. दोन्ही गाड्या, नंबरप्लेट आणि रस्ता एकाच फोटोत यायला हवेत. मग जवळून नुकसानीचे फोटो घ्या आणि गाडी कडेला घ्या. समोरच्याची आरसी, लायसन्स आणि विमा यांचेही फोटो काढून ठेवा. ‘चूक माझी, भरपाई देतो’ असं लिहून देऊ नका. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, अशी अट पॉलिसीतच असते. कुणाला थोडं जरी लागलं असेल, तर १०८ ला फोन करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे.

धक्का समोरून बसला असेल तर लगेच स्टार्टर मारू नका. बंपर म्हणून जो दिसतो तो नुसता प्लॅस्टिकचा मुखवटा असतो. त्यामागे लोखंडी बीम, त्याच्या मागे एसीचा कंडेन्सर आणि त्याला लागून रेडिएटर. बंपर दाबला जाऊन परत जागेवर येतो, वरून फक्त ओरखडा दिसतो, आणि आत रेडिएटर फुटलेला असतो. वाकून गाडीखाली बघा. हिरवं किंवा गुलाबी पाणी ठिबकत असेल तर गाडी टो करूनच न्यायची. तशीच चालवून इंजिन तापलं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं सील, गेलं, तर ते वाढीव नुकसान विमा कंपनी देत नाही. पॉलिसीत हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता क्लेम करायचा की खिशातून भरायचं? हातात पैसा कमी असताना माणूस पटकन क्लेमकडे वळतो, आणि इथेच नुकसान होतं. गणित मांडून बघू. समजा गाडीला झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं जादा कव्हर, नाही. बंपर ४,००० रुपयांचा आणि रंगकाम ६,००० रुपयांचं. प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे बंपरचे मिळणार २,०००. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात, म्हणजे ७५० गेले, ५,२५० उरले. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला आपण सोसायची रक्कम, १,००० रुपये. हातात पडतात ६,२५०.

आता दुसरी बाजू. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, सध्या ३५ टक्के आहे आणि ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ हप्ता ९,००० रुपये आहे असं धरा. क्लेम केला नसता तर पुढच्या वर्षी बोनस ४५ टक्के झाला असता, नंतर ५०. क्लेम केलात की शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा चढायचं. मूळ हप्ता तोच राहिला तर पाच वर्षांत फरक पडतो १०,८०० रुपयांचा, जीएसटी वेगळा. मिळणार सव्वासहा हजार आणि जाणार जवळपास अकरा हजार. अशा वेळी पैसे स्वतः भरावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. कंडेन्सर, रेडिएटर, हेडलाइट असं सगळंच गेलं असेल तर हिशेब उलटतो, तेव्हा बिनधास्त क्लेम करा. म्हणून आधी बंपर उतरवून घ्या, आत बघा, एस्टिमेट हातात घ्या, मग ठरवा. पण विमा कंपनीला कळवायला उशीर करू नका आणि सर्व्हे होण्याआधी, म्हणजे कंपनीने पाठवलेला माणूस नुकसान बघून जाण्याआधी, दुरुस्ती सुरू करू नका.

क्लेम करायचं ठरलं की जुनी नोकरी आडवी येते. पॉलिसीवर ऑफिसचा मोबाइल नंबर आणि ऑफिसचा ईमेल असतो. सिमकार्ड शेवटच्या दिवशी जमा केलेलं, आणि ओटीपी, सर्व्हेची लिंक सगळं त्याच नंबरवर जातं. राजीनामा दिला त्याच आठवड्यात पॉलिसी, फास्टॅग आणि आरसीवरचा नंबर बदलून घ्या.

कंपनीची गाडी निघताना विकत घेतली असेल तर जास्त जपा. आरसी तुमच्या नावावर झाली तरी ओन डॅमेजचा विमा आपोआप तुमच्याकडे येत नाही, येतो फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा. गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो राहून गेला तर तुमच्या बंपरचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

आणि नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू केला असेल तर? स्वतःच्या व्यवसायासाठी भेटीगाठींना जायला खासगी गाडीची पॉलिसी चालते. पण भाड्याने प्रवासी नेणं चालत नाही, आणि नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून मालाची वाहतूकही चालत नाही. मागच्या सीटवर केकचे खोके किंवा जेवणाचे डबे गिऱ्हाइकाकडे पोचवताना गाडी ठोकली, तर सर्व्हेअर पहिला प्रश्न हाच विचारतो, की गाडी कशासाठी वापरत होतात. धंदा सुरू करण्याआधी विमा कंपनीशी बोलून योग्य पॉलिसी घ्या.

शेवटी शरीराचं. मागून धक्का बसला की मान बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी धरते. गाडीसोबतचा १५ लाखांचा अपघात विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, एक्सरे आणि औषधांचा खर्च त्यातून मिळत नाही. ऑफिसचं ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि आधी भोगलेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे काही आजारांना कव्हर लागू होण्याआधी थांबावं लागणारा काळ, त्यात धरला जातो. त्यासाठी नोटीस पिरियड चालू असतानाच एचआरकडून पॉलिसी नंबर आणि संपर्क मागून घ्या आणि कव्हर संपण्याआधी अर्ज टाका. नमस्कार.