एक झाड, एक ओळ

तर मंडळी, आजचा विषय छोट्या छोट्या सवयींचा आहे आणि मी सरळच सांगतो, मी एकाच सवयीवर बोलणार आहे, कारण सवयींच्या याद्या आपण सगळेच वाचतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलतो आणि चार दिवसांनी परत जैसे थे. सवय अशी की घराजवळचं एक झाड ठरवायचं, रोज दोन मिनिटं त्याच्याकडे नीट बघायचं आणि वहीत एक ओळ लिहायची. बस्स एवढंच! झाड सोसायटीच्या गेटवरचं असो नाहीतर बसस्टॉपवरचं, काही फरक पडत नाही. फक्त वेगळा वेळ काढायला जाऊ नका, तिथेच सगळं फिसकटतं. दूध आणायला जाताना बघा, मुलांना स्कूलबसवर सोडताना बघा.

माझं झाड म्हणजे आमच्या कोपऱ्यावरची काटेसावर. हिवाळ्यात तिची पानं गळायला लागतात, मग खोडावरचे ते जाडजूड शंकूसारखे काटे उघडे पडतात आणि येणारेजाणारे म्हणतात हे झाड वाळलं वाटतं. पण तेव्हाच फांद्यांच्या टोकाला कळ्या धरत असतात. फेब्रुवारीत एकदा ती फुलली की काय सांगू तुम्हाला, लालभडक, पाच जाड मांसल पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका आणि तळाशी भरपूर मध. सकाळी साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारी, सगळ्यांची तिथे झुंबड उडते, साळुंकी डोकं आत खुपसून बाहेर काढते तेव्हा कपाळाला परागकण लागलेले असतात आणि ती तशीच पुढच्या फुलावर जाते, म्हणजे झाडाचं कामही होतं. फूल खाली पडतं ते थप्प आवाज करून. पुढे उन्हाळ्यात बोंडं तडकतात आणि रस्ताभर कापूस उडतो.

आता याने माणूस सुधारतो का? माझं मत आहे की हो, सुधारतो. आपण दिवसभर स्वतःचाच विचार करत असतो, माझं वजन, माझं काम, माझं टेन्शन, आणि इथे दोन मिनिटं का होईना नजर बाहेर जाते. दुसरं म्हणजे प्रश्न पडायला लागतात. हा पक्षी कुठला, ही पालवी तांबूस का. पुढे मोठे पक्षीतज्ज्ञ झालेले सलीम अली मुंबईत शाळकरी वयाचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, ही कुठली म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, आणि तिथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी नाव तर सांगितलंच पण वर सोसायटीचा पक्ष्यांचा संग्रहही उघडून दाखवला. एवढ्याशा प्रश्नावरून पुढे अख्खं आयुष्य! आपले निसर्गलेखक मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करता करता जंगलातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची नावं ऐकली आणि टिपून ठेवली. या दोघांचे वाढदिवस 12 आणि 5 नोव्हेंबर, म्हणूनच महाराष्ट्रात त्या आठवड्यात पक्षी सप्ताह असतो, सुरुवात करायला ते छान निमित्त आहे.

कुठलं झाड घ्यावं? बहावा असेल तर तुमचं नशीब, एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस लोंबतात. ताम्हण असेल तर तेही बघा, आपलं राज्यफूल आहे आणि कित्येकांना रस्त्यात ओळखता येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पिंपळ तर काय सगळीकडेच आहे. आणि त्या उंच सरळसोट अशोकाला नाक मुरडू नका हं, त्याची फळं पिकली की रात्री वटवाघळं येतात.

ओळ साधीच लिहा. "आज दोन पानं पिवळी." "पाऊस, काही दिसलं नाही." एखादा दिवस राहिला तर राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुढे लिहा. पण तारीख मात्र टाका, कारण खरी मजा पुढच्या वर्षी येते, यंदा फुलं लवकर आली की उशिरा हे तुमच्याच अक्षरात समोर असतं.

मघाशी एका ताईंनी विचारलं, आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, आम्ही काय बघायचं? अहो ताई, तुम्हाला तर झाडाचा शेंडा दिसतो, आम्हाला खालून तो कधीच दिसत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर कावळे काड्या जमवायला लागतात, शहरात तर तारेचे तुकडेसुद्धा उचलतात, तेव्हा लक्ष ठेवा. आणि जवळपास कोकिळा घुटमळताना दिसली की त्या घरट्यावरची नजर हलवू नका, तिला आपली अंडी तिथेच घालायची असतात.