तिथला महिना लाखाचा

(अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मघाशी सरांनी ओळख करून देताना मला 'जर्मनीत स्थायिक झालेली आपली मुलगी' म्हटलं. स्थायिक हा शब्द जरा जड झाला. मी दक्षिण जर्मनीत साडेतीनशे माणसांच्या एका कारखान्यात पंप डिझाइन करते, भाड्याच्या घरात राहते, आणि गेली काही वर्षं नव्या भरतीच्या मुलाखतींना आमच्या विभागाकडून बसते. म्हणजे तुमच्यासारख्या पोरापोरींचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. त्या टेबलावरून जे दिसतं तेवढंच आज सांगणार आहे. युरोप कसा स्वच्छ आहे वगैरे तुम्ही रील्सवर बघितलंच असेल.

आधी पैशाचं बोलू, कारण घरी तेच विचारतील. जर्मनीने १ जून २०२४ पासून 'चान्सेनकार्टे' सुरू केलं, म्हणजे संधीचं कार्ड. नोकरी हातात नसताना तिथे जायचं, जास्तीत जास्त वर्षभर राहायचं आणि नोकरी शोधायची. अर्जाची फी ७५ युरो. पण जगायला पैसे आहेत हे दाखवावं लागतं. २०२५ साली त्याचा आकडा महिना १,०९१ युरो होता, वर्षाचे १३,०९२. बहुतेक जण ते ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरतात आणि दरमहा तेवढेच बाहेर निघतात. युरोचा भाव शंभराच्या आसपास धरा. म्हणजे तिथे नुसतं बसून राहायचं म्हटलं तरी महिना लाखाच्या वर जातो. इथे इचलकरंजीत तुमचा महिना किती जातो? आई जेवायला घालते, गाडीला पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज. जे काम इथल्या स्वस्त महिन्यांत होतं ते तिथल्या महागड्या महिन्यांत करायला जाऊ नका, एवढंच माझं आजचं म्हणणं आहे.

आणि ते काम म्हणजे भाषा. कंटाळवाणं उत्तर आहे, मला माहीत आहे. हिशोबच मांडते. तुमची पदवी जर्मन पदवीच्या तोडीची ठरली तर कार्डासाठी गुणांची भानगडच नाही. ते 'अनाबिन' नावाच्या सरकारी यादीत बघायचं. आधी विद्यापीठापुढे एच प्लस, म्हणजे मान्यतेचा शेरा, आहे का, मग आपली पदवी तिथे आहे का. दोन्ही बघायचं. विद्यापीठ सापडलं की पोरं नाचायला लागतात आणि पदवी बघायचीच राहते. पदवी त्या निकषात बसली नाही तर किमान सहा गुण लागतात. वय पस्तिशीच्या आत, दोन गुण. भाषेच्या पातळ्या ए वनपासून सी टूपर्यंत चढत जातात. इंग्रजी सी वन पातळीचं, एक. अनुभवाचे दोन-तीन गुण असतात, पण ते दोन वर्षं किंवा पाच वर्षं काम केलेल्यांना. फ्रेशरला शून्य. झाले तीन. उरलेले तीन कुठून आणणार? टंचाईच्या यादीतल्या शाखेचा एक मिळू शकतो. बाकी जर्मन. बी वन केलं तर दोन, बी टू केलं तर तीन. अनुभव नसलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने वाढवता येईल असा तेवढा एकच रकाना त्या फॉर्ममध्ये आहे.

कार्ड मिळालं म्हणजे नोकरी मिळाली नाही. रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली. त्या काळात आठवड्याला वीस तास काम करता येतं, आणि एका कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून काम करून दाखवता येतं. ही दुसरी सोय फार कामाची आहे आणि आपली मुलं ती मागतच नाहीत. लहान कारखान्याच्या मालकाला तुमच्या सर्टिफिकेटपेक्षा तुम्ही व्हर्नियर कसा धरता ते बघायला जास्त आवडतं.

लहान कारखाना मुद्दाम म्हटलं. सगळ्यांना बर्लिन आणि म्युनिक पाहिजे. तिथे इंग्रजीत चालणाऱ्या कंपन्या आहेत, पण त्याच जागांवर अख्ख्या जगाचा डोळा आहे. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं जर्मन अर्थव्यवस्था आकसली, आणि अशा वेळी फ्रेशरचा नंबर शेवटी लागतो. मेकॅनिकलवाल्यांनी नकाशा काढून टुटलिंगन शोधा. लहानसं गाव आहे, पण शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या शेकडो कंपन्या तिथे आणि आजूबाजूला आहेत. श्वाइनफुर्ट बेअरिंगचं गाव. आपल्याकडे शिरोलीत फाउंड्री, इथे यंत्रमाग, तसंच ते. आणि अशा गावात शॉप फ्लोअरवरचा माणूस तुमच्याशी इंग्रजीत बोलणार नाही. त्याला येत नाही असं नाही, पण सकाळी सहाला शिफ्टवर आलेल्या माणसाने तुमच्यासाठी भाषा का बदलावी?

आता अर्जाकडे येते. मागच्या वर्षी एक अर्ज आला, फाइलचं नाव 'रेझ्युमे फायनल न्यू टू'. सात पानं. पहिल्या पानावर 'आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा', शेवटी 'वरील माहिती खरी आहे असे मी जाहीर करतो', खाली वडिलांचं नाव. मला हसू आलं नाही, कारण माझाही पहिला अर्ज असाच होता. तिथे दोन पानं पुरतात. सर्वांत अलीकडचं वर, प्रत्येक गोष्टीपुढे महिना आणि वर्ष. मधला काळ रिकामा सोडायचा नाही. वर्षभर एमपीएससीचा अभ्यास केला असेल तर स्पर्धा परीक्षेची तयारी म्हणून सरळ लिहा. लपवलेली सहा महिन्यांची भेग त्यांना तेवढ्या एका वर्षापेक्षा जास्त खटकते.

पण तो मुलगा मुलाखतीपर्यंत आला. प्रोजेक्ट चांगला होता, उसाच्या रसाच्या पंपाचं सील. माझ्या बॉसने विचारलं, यात तुम्ही काय केलंत? तो म्हणाला, आम्ही डिझाइन केलं. बॉस म्हणाला, हो, पण तुम्ही? तो म्हणाला, आम्ही चौघांनी टेस्टिंग केलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो गडबडला. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणारा पोरगा आगाऊ वाटतो. आपल्या तोंडी आम्ही असतं, आपण असतं. ती आपली रीत आहे आणि वाईट नाही. बॉसला मात्र वाटलं, याने काहीच केलेलं नाही. नंतर मी खोदून विचारलं तर सीलचा अख्खा फिक्स्चर त्याने एकट्याने लेथवर काढला होता! हे आधी सांगायचं की नाही?

आता थोडं पटापट. इथूनच थेट ऑफर मिळाली तर उत्तमच. ब्ल्यू कार्डाला, म्हणजे नोकरी हातात असलेल्या पदवीधरांच्या परवान्याला, पगाराची किमान अट असते, पण पदवी मिळून तीन वर्षं झाली नसतील तर ती कमी असते. २०२५ साली वर्षाला ४३,७५९ युरो ८० सेंट होती. दर जानेवारीत बदलते, तेव्हा जुने व्हिडिओ बघू नका. दुसरा रस्ता तिथे मास्टर्स करण्याचा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, मात्र आमचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य तुमच्याकडून सत्राला १,५०० युरो घेतं. पास झाल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. माझा रस्ता हाच.

एजंटबद्दल मात्र सावकाश सांगते. माझ्या मावसभावाने आपल्याच भागातल्या एका कन्सल्टंटला 'जॉब गॅरंटी' म्हणून अडीच लाख दिले. काकांनी गुंठाभर जागा विकून. बदल्यात त्याला काय मिळालं? ७५ युरोचा तोच फॉर्म, भरून. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या कायद्याखाली सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि त्याची फी ३० हजार रुपये अधिक जीएसटी याच्या पुढे जाता कामा नये. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर त्याचं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. आणि थायलंडमध्ये डेटा एंट्री, राहणं-खाणं फुकट, अशी ऑफर आली तर फोन ठेवून द्या. अशा ऑफरवर गेलेल्या आपल्या मुलांना म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलंय, २०२२ पासून परराष्ट्र मंत्रालय त्याबद्दल बजावतंय.

मागून कोणी विचारलं? पहिल्या दिवशी काय काम दिलं?

पहिल्या दिवशी किल्ली दिली. खरंच. मुख्य दाराची किल्ली आणि सही करायला एक कागद. तेव्हा माझं जर्मन मास्टर्सपुरतं, म्हणजे कँटीनपुरतं होतं. मी ऐटीत सही ठोकली. तीन महिन्यांनी किल्ली सापडेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तो कागद काढून सावकाश वाचून दाखवला. किल्ली हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च माझ्यावर! दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी ती कोटाच्या अस्तरात सापडली, खिशाला भोक पडलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी बी टूच्या क्लासला नाव घातलं, आणि येताना सुई-दोरा घेऊन आले.