मोतीच्या पोटातील निळे कण

(दृश्य : कापसाचे शेत, आखाड्यावरील सोयाबीनची पोती, पत्र्याखाली पडलेला निळसर तुकडा)

परभणी जिल्ह्यातील या आखाड्यावर पोत्यांना उंदीर लागू नयेत म्हणून ब्रोमाडिओलोनच्या वड्या ठेवल्या होत्या. त्यांतील काही वड्या राखणीच्या मोतीने आज सकाळी खाल्ल्या. मोती अजून शेपटी हलवतो आहे. परंतु हे विष रक्त गोठण्याची क्रिया हळूहळू बंद पाडते आणि रक्तस्राव बहुधा ३ ते ५ दिवसांनी दिसू लागतो. ‘कुत्रं तर चांगलं हाय’ म्हणत घरी थांबणे म्हणूनच जिवावर बेतते. मालकाने मोतीला दवाखान्यात आणताना वडीचे पाकीट सोबत आणले, हे फार चांगले केले.

(दृश्य : वजनकाटा, सिरिंज, पुढच्या पायाच्या शिरेत सुई)

मोती २० किलोचा आहे. ॲपोमॉर्फीन हे उलटी करवणारे औषध शिरेतून देताना किलोमागे साधारण ०.०३ मिलिग्रॅम लागते, म्हणजे मोतीला अवघे ०.६ मिलिग्रॅम. मॅथिसन आणि राइट या रसायनशास्त्रज्ञांनी १८६९ मध्ये मॉर्फीन हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर तापवून हे औषध मिळवले. मेंदूच्या तळाशी, जिथे रक्तातील द्रव्ये सहज पोचतात अशा एका लहानशा भागात ते डोपामिनसारखे काम करते आणि तिथूनच उलटीची प्रक्रिया सुरू होते. मांजरावर मात्र ते भरवशाचे नाही. तिच्यासाठी डॉक्टर झायलाझिनसारखे औषध निवडतात.

(दृश्य : मोतीचा चेहरा, अगदी जवळून)

आधी तो ओठ चाटतो, मग लाळ गळू लागते, मान खाली जाते आणि बरगड्या आत ओढल्या जातात. काही मिनिटांतच भाकरीच्या चोथ्याबरोबर निळे कण ट्रेमध्ये पडतात. पोटातले सगळे विष ओकारीने कधीच बाहेर पडत नाही. खाल्ल्यानंतर शक्यतो २ तासांच्या आत जनावर दवाखान्यात पोचले, तरच या सुईचा पुरेसा उपयोग होतो.

(दृश्य : चुलीजवळ मिठाची बरणी, शेजारी रॉकेलचा डबा)

घरी मिठाचे पाणी पाजून ओकवण्याची सवय आपण सोडलीच पाहिजे, कारण त्याने रक्तातील सोडियम जीवघेण्या पातळीला जाऊ शकते. रॉकेल किंवा ॲसिड पोटात गेलेल्या, झटके येणाऱ्या अथवा शुद्ध हरपलेल्या जनावराला ओकवू नये. ओकारी श्वासनलिकेत शिरते, आणि ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते.

(दृश्य : मोती पाणी पितो)

मोतीला पुढील काही आठवडे रक्त पुन्हा गोठू लागावे म्हणून व्हिटॅमिन के-१ च्या गोळ्या द्यायच्या आहेत आणि त्या थांबवल्यानंतर रक्ताची तपासणी होईल.