चार बोटांचा आस

(दृश्य : पहाट. उजनी धरणाचा काठ. ओलं जाळं होडीत पडल्याचा आवाज.)

करमाळा तालुक्याचा हा काठ. काल दिवेलागणीला लावलेलं जाळं नवरा-बायको मिळून उचलतायत. काका वल्हं धरतात, मावशी जाळं ओढतात.

पाणी सोलापूरचं, पण पाऊस इथला नाही. भीमा उगवते सह्याद्रीत, भीमाशंकरला. घाटमाथ्यावर कोसळलं की इकडे धरण चढतं. 1980 साली उजनी पूर्ण झालं, गावं-शिवारं पाण्याखाली गेली. नदीच्या डोहात मासे धरणाऱ्या भोई समाजापुढे 117 टीएमसीचा जलाशय पसरला.

(दृश्य : जाळ्याच्या घरात घातलेली बोटं.)

जाळ्याच्या एका घराला आस म्हणतात. मावशी त्यात चार बोटं घालून दाखवतात. बोटं सहज गेली पाहिजेत, म्हणजे बारकं पिल्लू निसटतं.

रोहू, कटला, मृगळ अंडी घालण्याजोगे व्हायला साधारण दोन वर्षं लागतात. पावसाळ्यात नवं पाणी आलं की ते वाहत्या धारेकडे चढतात. एकेका मादीच्या पोटात लाखोंनी अंडी असतात. चढणीचा मासा हाती लागायला सोपा, आणि तोच सोडायला सगळ्यात अवघड, कारण गाभोळीला, म्हणजे पोटातल्या अंड्यांना, गिऱ्हाईक असतं. घरात चूल पेटायची असताना तो सोडणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि मच्छरदाणीसारखं बारीक जाळं ओढणाऱ्यांचा राग येतो. त्यात बोटभर पिल्लंही येतात. धरणात सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढं मत्स्यबीज, वाढायच्या आतच काठावर वाळत पडते.

आज जाळ्यात निम्म्याहून जास्त चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, आहे. मूळची आफ्रिकेतली. तिला वाहतं पाणी लागत नाही. मादी अंडी तोंडातच उबवते, पिल्लंही तोंडातच सांभाळते. साचलेल्या पाण्यात ती टिकते. कटल्याला मात्र धार हवी, नाहीतर बाहेरून बीज आणून सोडावं लागतं. त्यात वरून शहरांचं सांडपाणी येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं. 2024 मध्ये तर धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, म्हणजे वापरायचा साठा संपून तळाचा मृत साठाही उतरला होता.

(दृश्य : काठावरचं झाड, सावलीत पसरलेलं जाळं.)

मासळी काट्यावर गेली. काका फाटलेलं जाळं विणायला बसलेत. मोजपट्टी नाही. गाठ मारायची, चार बोटं घालून बघायचं, मग पुढची गाठ.