गहुंजे आणि सरळ येणारा चेंडू

नमस्कार श्रोतेहो.

गहुंजेच्या मैदानाचा विषय निघाला की पुणेकरांना आधी आठवतात त्या विराट कोहलीच्या नाबाद 254 धावा. 2019 साल, समोर दक्षिण आफ्रिका. खेळी मोठीच होती. पण आज मी बोलणार आहे गोलंदाजांविषयी. आपल्याकडे पोराच्या वाढदिवसाला बॅट आणतात, चेंडू शेजारच्याकडून मागतात. गोलंदाजाचं कौतुक असंच मागे राहतं, आणि मला ते फार लागतं.

तर 2017 चा फेब्रुवारी. गहुंजेतली पहिलीच कसोटी, पाहुणे ऑस्ट्रेलियाचे. भारत मायदेशात सलग 20 कसोटी हरलेला नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या संघात स्टीव्ह ओकीफ नावाचा डावखुरा फिरकीपटू होता. नाव फारसं कुणाच्या ओठी नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला आपल्या 3 बाद 70 धावा झाल्या होत्या, आणि त्या तिघांत ओकीफचा एकही बळी नव्हता. चेंडू वळत होता, बॅटजवळून निघून जात होता, कडा काही लागत नव्हती.

सुट्टीत बाकीचे जेवायला गेले. ओकीफ मात्र फिरकी सल्लागार श्रीधरन श्रीरामबरोबर पुन्हा चेंडू टाकायला उतरला. श्रीराम आपला, तमिळनाडूचा, स्वतः डावखुरा फिरकी टाकणारा. तिथे ओकीफने आपली लय बदलली. तेवढ्या अर्ध्या तासात!

आणि मग? 3 बाद 94 वरून सर्वबाद 105. ऐकलंत ना, अकरा धावांत सात बळी. 64 धावांवर खेळणारा राहुल गेला, त्याच षटकात रहाणे गेला, त्याच षटकात साहाही गेला. ओकीफचे 35 धावांत 6 बळी. दुसऱ्या डावात पुन्हा तेच, 35 धावांत 6! दोन्ही डावांत आकडा तोच. सामन्यात 70 धावांत 12 बळी, आणि आपण 333 धावांनी हरलो.

त्या दुसऱ्या डावातल्या सहा बळींपैकी चार पायचीत होते. कोहलीने तर चेंडू बाहेर जाणार म्हणून बॅट वर उचलली, आणि चेंडू सरळ यष्टीवर आला. सरळ आला, श्रोतेहो. वळणाऱ्या चेंडूने फलंदाजाच्या मनात धाक बसवला, आणि बळी घेतला न वळलेल्या चेंडूने.

सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला खराब असा शेरा दिला. तो दिला असेल. पण त्याच खेळपट्टीवर अश्विनचे सात आणि जडेजाचे पाच बळी, दोघांचे मिळून बारा. ओकीफचे एकट्याचे बारा. सगळं मातीवर ढकलणं मला पटत नाही.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंड आलं, तेव्हाही हेच घडलं. वॉशिंग्टन सुंदर तीन वर्षांहून अधिक काळाने कसोटी खेळत होता. न्यूझीलंड 3 बाद 197. त्याने 59 धावांत 7 बळी घेतले, सातपैकी पाच त्रिफळाचीत. पुन्हा सांगतो, पाच त्रिफळाचीत, एक पायचीत. मग मिचेल सँटनर आला. तोवर कसोटीत एका डावात पाच बळी त्याला कधी मिळाले नव्हते. इथे 7 आणि 6, एकूण 13 बळी 157 धावांत. न्यूझीलंडने भारतात पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली. कोहलीला तर सँटनरने फुलटॉसवर त्रिफळाचीत केलं.

वेगवान गोलंदाजांतलं एक नाव घेतो. 2021 मध्ये इंग्लंडविरुद्ध प्रसिध कृष्णाने पदार्पणाच्या एकदिवसीय सामन्यात 54 धावांत 4 बळी घेतले, तेही रिकाम्या मैदानावर.

असे दिवस मराठी समालोचक बाळ ज. पंडितांच्या तोंडून ऐकायला हवे होते. रेडिओवर मराठी समालोचन पुन्हा नियमित व्हावं, हे मी जमेल तिथे सांगत असतो.

पुढच्या वेळी गहुंजेला गेलात तर शक्यतो गोलंदाजाच्या मागच्या बाजूचं तिकीट काढा. बाजूच्या स्टँडमधून चौकार छान दिसतात, पण कुठला चेंडू वळला आणि कुठला सरळ आला, हे फक्त तिथूनच कळतं. टोपी आणि पाणी घेऊन जालच. नमस्कार.