कोची: पाटीवर जाऊ नका

फोर्ट कोचीत उतरलात आणि रिक्षावाल्याला म्हणालात, "किल्ला दाखव", तर बिचारा पेचात पडेल. पोर्तुगीजांनी बांधलेला, १६६३ मध्ये डचांनी जिंकलेला किल्ला इंग्रजांनी पाडून टाकला. किनाऱ्यावर थोडेफार अवशेष आहेत. बाकी नाव तेवढं उरलं.

या शहराचं असंच आहे. पाटी एक सांगते, आत निघतं भलतंच.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाचं थडगं आहे. रिकामं! १५२४ मध्ये तो इथे वारला खरा, पण चौदा-पंधरा वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या.

मट्टनचेरीचा 'डच पॅलेस' पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला नजर केला. डचांनी पुढे डागडुजी केली, एवढंच. आणि भिंतींवर? भिंतभर रामायण.

राजवाड्याच्या देवळाला लागूनच १५६८ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. त्याचं नाव 'परदेशी'. हा शब्द आपल्याला समजावून सांगायला नको. स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेले ज्यू इथे आले, ते परदेशीच ठरले. चपला काढून आत जावं, तर पायाखाली चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या. बाहेर ज्यू टाऊनमध्ये ज्यू जवळजवळ उरले नाहीत, बहुतेक इस्रायलला गेले. दुकानांत काश्मिरी व्यापारी शाली उलगडून दाखवतात.

चेरलाईकडे वळलात की कानावर कोकणी पडते. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली सारस्वत कुटुंबं इथे रुजली. त्यांच्यातल्या तीन वैद्यांनी, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांनी, डच अधिकारी व्हान रीडला मलबारच्या झाडपाल्याची माहिती पुरवली. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन होतेच. त्या माहितीतून झालेल्या 'होर्तुस मलबारिकुस' या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये अॅम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात या तिघांचा कोकणी दाखला आहे, चक्क नागरी लिपीत. रायगडावरच्या राज्याभिषेकाला तेव्हा चारच वर्षं झाली होती.

संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर येतात, चिनी जाळी बघायला. पाच-सहा जण दोर ओढतात, वजनाला बांधलेले धोंडे एकेक करून खाली येतात, आणि खाडीतून अवाढव्य जाळं वर उचललं जातं.

मूठभर मासळी. मांजर आधीच येऊन बसलंय.